उत्तराऐवजी स्मूदी

"बाबा, तुझा आणि आईचा घटस्फोट नक्की कधी आहे?"

सहलीची तारीख विचारावी तसा हा प्रश्न भिंगरीने सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारला. विचारायला लावला होता तो तिच्या दोन मैत्रिणींनी. शाळेच्या फाटकाशी सायकलींना टेकून तिघींनी या विषयाचा चघळून चघळून चोथा केला होता. शेवटी उंच मैत्रीण वैतागून म्हणाली, "आम्हाला काय विचारतेस? ज्यांचा आहे त्यांना विचार. बघू तुझी हिंमत." बुटकीने त्याला तिखटमीठ लावलं. "नाही विचारणार ती. घरी गेली की तिची मांजर होते."

मांजर म्हटल्यावर भिंगरी गप्प बसणं शक्य नव्हतं. वक्तृत्व स्पर्धेत भरल्या सभागृहासमोर पाय न लटपटता बोलून आल्यापासून तिच्या अंगात वारं शिरलं होतं. स्पष्ट उच्चार आणि नजरेला नजर, एवढं असलं की जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मिळतंच, अशी तिची खात्री झाली होती.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. अर्धं सोललेलं केळं त्यांच्या हातात तसंच राहिलं. मग ते सालीसकट ब्लेंडरमध्ये गेलं आणि त्यांनी बटण दाबलं.

घर्रर्र.

हा ब्लेंडर घरात आला तो तब्येतीच्या निमित्ताने. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, हिरवं खात जा. बाबांनी ठरवलं, हिरवं प्यावं. एका संध्याकाळी ते काखेत भला थोरला खोका घेऊन आले. तेव्हा दोघांचं बोलणं बंद झालेलं असल्यामुळे खोक्यात काय आहे ते आईने विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लेंडरने ते स्वतःच सांगितलं. आई अंथरुणात ताडकन उठून बसली.

त्याच सकाळी बाबांना एक मोठा शोध लागला. भिंगरीने सहज विचारलं होतं, "बाबा, तू हॉलमध्ये का झोपतोस?" आणि नेमका ब्लेंडर चालू होता. बाबांनी कानाकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही अशी मान हलवली, आणि आवाज थांबेपर्यंत तिची शाळेची वेळ होऊन गेली. तेव्हापासून घरात अडचणीचा प्रश्न आला की बाबांचं एक बोट बटणावर जायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट कानाकडे.

याचा परिणाम स्मूदीवर होऊ लागला. ब्लेंडर पानं बघून चालायचा नाही, प्रश्न बघून चालायचा. शाळेचे बूट फाटलेत, नवे कधी आणायचे, असं काही साधं विचारलं तर तो चटकन थांबायचा आणि पालकाचे दोरे दातांत अडकायचे. अवघड काही विचारलं तर स्मूदी इतकी फिरायची की कोमट व्हायची आणि तिला साबणासारखा फेस यायचा. भिंगरीला पहिल्या घोटातच कळायचं, आज आपण बाबांच्या वर्मावर किती जोरात बोट ठेवलं ते.

त्या दिवशीची स्मूदी चांगली गरम होती.

ग्लास हातात घेऊनच ती आईकडे गेली. आई आरशासमोर केसांना पिना लावत होती.

"आई, तुमचा घटस्फोट कधी आहे?"

"तुझ्या बाबाला विचार."

"विचारलं."

"मग?"

"स्मूदी केली त्याने."

आईची पीन हवेतच थांबली. तिची नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रारींच्या फोनवर. नळ कोरडा पडलेल्या माणसांच्या शिव्या दिवसभर ऐकायच्या आणि शांतपणे नोंदवायच्या. घरी येईपर्यंत तिच्या कानांची बॅटरी संपलेली असायची. बाबा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. अंधाऱ्या खोलीत काचा बदलत दिवसभर विचारायचे, "हे बरं दिसतंय की मघाचं?" एकाला ऐकण्याचा कंटाळा, दुसऱ्याला प्रश्नांचा. दोघांच्या मध्ये भिंगरी, पोस्टाच्या खिडकीसारखी. ओट्यापाशी हाताच्या अंतरावर उभे राहून बाबा म्हणायचे, "भिंगरी, आईला सांग, साबण संपलाय." आई म्हणायची, "बाबाला सांग, फडताळात आहे." भिंगरी इकडे मान वळवायची, तिकडे वळवायची, आणि दोघांनी आधीच ऐकलेलं पुन्हा एकदा सांगायची.

"तुमची तक्रार नोंदवली आहे," आई आरशाला म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

"म्हणजे ब्लेंडरच मध्ये येतोय," शाळेत उंच मैत्रिणीने निदान केलं. "तो कमी वेळ चालायला पाहिजे." तिची मोठी बहीण ज्यूसच्या दुकानात कामाला होती. बहिणीकडच्या सगळ्या खुब्या तिने भिंगरीला आणून दिल्या. पालकाची जाड देठं खुडायची. आधी नुसती पानं आणि पाणी फिरवायचं, पानांचा मागमूस राहिला नाही की मगच फळं घालायची. बर्फ नको, त्याने पाणचट होतं. केळ्याचे काप आदल्या दिवशी गोठवायचे, थोडा अननस, शेवटी लिंबू. बाबा आजवर सगळं एकदम कोंबत होते. देठं, सालीसकट सफरचंद, वर बर्फ, आणि पाणी घालायचं विसरायचे. ब्लेंडरचं पातं खाली नुसतं गरगरायचं आणि वरचा माल जागचा हलायचा नाही.

केळ्याचे काप गोठवून ठेवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दोघं कामावरून यायच्या आत, भिंगरीने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. स्मूदी रेशमासारखी झाली. आता सकाळी ब्लेंडर लावायला निमित्तच नव्हतं.

सकाळी तिने बाबांसमोर ग्लास ठेवला.

"पालक आहे यात?"

"आहे."

"दोरे लागत नाहीत."

"नाहीत. आता सांग."

बाबांनी अगदी लहान लहान घोट घेतले. ग्लास अर्ध्यावर आला. "छान झालीय गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा काही पडला की भिंगरीला वाटलं, झालं, आता येतंय उत्तर. बाबांनी ओठ पुसले. मग उठून उरलेली स्मूदी ब्लेंडरमध्ये ओतली.

"जराशी जाडसर वाटतेय," ते म्हणाले.

घर्रर्र.

"आता मात्र झाकण लपव," बुटकी म्हणाली. "झाकणाशिवाय कोण लावणार?"

हा विचार तिघींनाही बिनतोड वाटला. दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेले तेव्हा भिंगरीने झाकण दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकामागे सरकवलं.

बाबा बाहेर आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. कामाच्या दिवशी ते असा शर्ट कधी घालायचे नाहीत. आतल्या खोलीत आईनेही ठेवणीतले पांढरे कपडे काढले होते. भिंगरीच्या मनात पाल चुकचुकली.

"कुठे चाललायस?"

बाबा ब्लेंडरकडे वळले. पालक भरला. देठांसकट. पाणी मात्र आज भरपूर ओतलं, तिची स्मूदी बघून तेवढं ते शिकले होते.

"झाकण कुठंय?"

"मला काय माहीत," भिंगरी स्पष्ट उच्चारात, नजरेला नजर देऊन म्हणाली.

बाबांनी फडताळ पाहिलं, मोरी पाहिली. हताश झाल्यासारखे क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी जेवणाची एक ताटली उचलली, भांड्यावर पालथी घातली आणि तिच्यावर तळहात दाबून धरला. ही शक्यता तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आली नव्हती.

तेवढ्यात आई दारात आली. आणि भिंगरीकडे न बघता, पोस्टाच्या खिडकीत न डोकावता, थेट बाबांना म्हणाली, "तिला सांगितलंस का?"

त्या दिशेने बाबांना प्रश्न आला त्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. ते दचकले. बोट बटणावर गेलं, तेही सगळ्यांत जोराच्या बटणावर. आणि दुसरा हात, रोजच्या सवयीने, ताटली सोडून कानाकडे गेला.

ताटली उडाली. तिच्यामागोमाग पालक उडाला. छतावर, ट्यूबलाइटवर, घड्याळावर, बाबांच्या इस्त्रीवर आणि चष्म्याच्या दोन्ही काचांवर, आणि सगळ्यांत जास्त आईच्या पांढऱ्या कपड्यांवर. उरलेला भिंतीवरून ओघळत प्लगच्या भोकांत शिरला. फट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. फ्रिजची घरघरही थांबली.

छतावरून एक थेंब ओट्यावर पडल्याचं तिघांना ऐकू आलं.

"नाही सांगितलं," बाबा म्हणाले.

"काय नाही सांगितलं?" भिंगरीने विचारलं.

आईने भुवईवरचं पान काढलं. "आज आहे. कोर्टात जायचं होतं आत्ता. तो सांगणार म्हणाला होता."

"मी म्हणालो नव्हतो. मला वाटलं, तू सांगशील."

"मी तुला निरोप पाठवला होता."

"कोणाबरोबर?"

दोघांनी भिंगरीकडे पाहिलं. तिच्यापासून लपवलेली गोष्ट तिच्याच हाती पाठवता येत नाही, हे त्यांचं त्यांना आत्ता उमगलं. आईने मान खाली घातली.

भिंगरीला उत्तर मिळालं होतं, तेही स्पष्ट उच्चारात. मैत्रिणींना सांगायला किती झकास गोष्ट झाली असती. पण ती फरशीवरच्या हिरव्या थारोळ्याकडे बघत राहिली.

"अशी जाऊ मी तिथे?" आई म्हणाली.

"मला दिसतच नाहीयेस," बाबा काचा पुसत म्हणाले. पुसून त्या आणखी हिरव्या झाल्या.

आईने वकिलांना फोन लावला. "नाही जमणार आज. हो, दोघांनाही. नाही हो, भांडण नाही झालं. स्मूदी. नाही, पोट नाही बिघडलं, छतावर आहे ती." बराच वेळ पलीकडचं ऐकून तिने फोन ठेवला. "दुसरी तारीख मिळेल म्हणाले."

वाळायच्या आत छत पुसायला हवं होतं. बाबा स्टुलावर चढले. स्टूल एका पायाने डुगडुगायचं, म्हणून आईने ते खालून धरलं. भिंगरी फरशी पुसायला बसली. जुनं फडकं शोधता शोधता तिने दप्तरातलं झाकण काढून मुकाट्याने ओट्यावर ठेवलं. आईने झाकणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नोंदवली तक्रार," आई म्हणाली.

"डावीकडे घे," ती वर बघून बाबांना म्हणाली.

"इथे?"

"अजून थोडं."

"हे बरं दिसतंय की मघाचं?"

"मघाचं. आता नुसतं पसरवतोयस."

बाबा हसले. आईसुद्धा हसली, अगदी थोडं, नाकातल्या नाकात. भिंगरीचा हात फरशीवर थांबला. किती दिवसांनी दोघं तिला वळसा न घालता बोलत होते. आता बोलतील, बोलत राहतील, दुसरी तारीख येईल आणि कोणी तिकडे फिरकणारही नाही. तिने श्वाससुद्धा हळू घेतला.

"स्टूल तू ने," आई म्हणाली. "मला लागणार नाही."

"चालेल. फ्रिज तू ने. माझी नवी खोली लहान आहे."

"कपाट?"

"कपाट तिथल्या दारातून आत जाणार नाही. तुझ्याकडेच असू दे."

भिंगरीने फडकं पिळलं. बादलीत हिरवं पाणी पडलं. दोघं इतक्या समजुतीने बोलत होते की बाहेरच्याला वाटावं, नवं घर थाटतायत. पडदे आईला, इस्त्री बाबांना, गादी आईला, कुठे अडलं नाही.

"ब्लेंडर मी नेतो," बाबा म्हणाले.

स्टूल एकदम डुगडुगलं.

"का म्हणून?" आई म्हणाली.

"मी आणलाय तो. आणि तुला तर तो आवडत नाही."

"कोण म्हणालं आवडत नाही?"

"तू स्मूदीला हात लावत नाहीस."

"स्मूदीला नाही लावत," आई म्हणाली. मग स्टुलाच्या पायाशी बोलल्यासारखी म्हणाली, "तो चालू असला की बरं वाटतं मला. तेवढा वेळ कोणी काही विचारत नाही."

बाबा वरून खाली बघत राहिले. त्यांच्या हातातल्या फडक्यातून एक थेंब आईच्या केसांत पडला. तिने तो पुसला नाही.

"तुला दुसरा आणून देतो," ते म्हणाले.

"दुसरा तू घे. हा माझ्याकडे राहू दे."

"सगळं दिलं की तुला. एवढं एक मागतोय मी."

"मीही एवढंच मागतेय."

वाद चढत गेला. फ्रिजवरून, कपाटावरून न झालेलं भांडण ब्लेंडरवरून होत होतं. शेवटी बाबा दमून स्टुलावरून उतरले. आईही खुर्चीत बसली. तेव्हा दोघांना बादलीपाशी बसलेली भिंगरी दिसली.

"आणि भिंगरी?" आईने हळूच विचारलं.

बाबांचा हात सवयीने ओट्याकडे निघाला, पण अर्ध्या वाटेवरून त्यांनी तो मागे घेतला. ते भिंगरीसमोर उकिडवे बसले. चष्मा काढलेले त्यांचे डोळे लहान आणि लालसर दिसत होते.

"तुला कोणाकडे राहायचंय?" त्यांनी विचारलं. स्पष्ट उच्चारात, नजरेला नजर देऊन.

भिंगरीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. सभागृह भरलेलं असताना शब्दांचा तोटा पडला नव्हता. आता मात्र ती उठली. ओट्यापाशी गेली. रिकाम्या ब्लेंडरचं बटण तिने खोल दाबलं.

काहीच झालं नाही. घरात वीज नव्हती. दोघं तिच्या बोटाकडे बघत होते, आणि ते काय करतंय हे त्या दोघांइतकं जगात दुसऱ्या कोणालाच कळलं नसतं. आईचे डोळे भरून आले.

भिंगरीने बोट काढलं. शर्टाला पुसलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "हा ब्लेंडर कोण नेणार ते तुम्ही आधी ठरवा. मी दुसऱ्याकडे राहणार."