सात बंदरांच्या रिकाम्या पाटाची हकीकत

॥ श्री ॥ ज्या समुद्राने राखिले आणि ज्या खाडीने पोसिले, त्यांस आधी दंडवत. बंदरशके त्र्याऐंशी, विरोधीनाम संवत्सर, कार्तिक मासी सात बंदरे परतीरच्या पातशहाच्या अंमलातून सुटली आणि मग आपसांत बुडता बुडता वाचोन एक राज्य जाली, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. लिहिणाराचे नाव पुसू नये. वरण वाढिले तेव्हा तो पंगतीत होता, इतके पुरे.

पूर्वी ऐसे होते की पातशहा साता समुद्रांपलीकडे राहत, बंदरे त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिली नाहीत, आणि हुकूम मात्र सोडीत की आमच्या परवान्यावाचून होडी पाण्यात लोटू नये आणि मीठ आमच्याच वखारीतून घ्यावे. समुद्र दाराशी आणि मीठ विकत, ऐसी तऱ्हा. मधल्या बेटावर सातांची मिळोन एक कचेरी होती, तेथे सणावारी पंगत बसे, तेव्हा अग्रभागी पाट मांडोन त्यावर पातशहाची पगडी ठेवीत आणि पहिले पान पगडीस वाढीत आणि मग सुभेदार जेवीत आणि मग बाकीचे. पगडी काय जेवणार, कपाळ? ते पान सुभेदाराचे शिपाई ओहोटीस समुद्रात सोडीत आणि एकदा वाढलेले पान वाढणारीने परत उचलू नये ऐसा मुदपाकखान्याचा रिवाज पडला. मुदपाकखान्याची मुख्य म्हाळसाक्का. तिची आजेसासू, तिची सासू आणि ती, तिघींचे हात ह्याच पानावर घडले.

मग बंदरांच्या रयतेने बहुत सोसोन शेवटी बंड मांडिले आणि सहा वर्षे लढाई जाली आणि पगडी खाडीत बुडविली आणि सुभेदार कोळंबीच्या टोपल्यांआड बसोन पळाले. म्हाळसाक्काचे दोघे लेक ह्या लढाईत होते. थोरला बहिरू वडबंदरच्या गलबतावर आणि धाकटा खेमा खारबंदरच्या, कारण ज्यास जेथे चाकरी मिळाली तेथे तो राहिला. दोघेही धडधाकट वाचले, तेव्हा बाईने देवीची खणानारळाने ओटी भरली आणि म्हणाली, "सुटले गं बाई एकदाची." परंतु सुटली नव्हती.

कारण पातशहाचे वकील गलबत घेऊन आले आणि बोलिले की, "पातशहा बंदरे सोडितात. परंतु तहनामा एक आहे, त्यास घेणारा हातही एकच पाहिजे. तिसरे दिवशी दुपारची ओहोटी लागली की आम्ही निघालो. तोवर तुमचा कोणी धनी उभा राहिला नाही, तर लढाई चालूच आहे ऐसे समजू." मग साती बंदरांचे कारभारी कचेरीत जमले आणि धनी कोण हे ठरवू गेले, ते अग्रपाटावर कोण बसणार येथेच अडकले. वडबंदरचे कारभारी सुभानराव म्हणाले, "गलबते आमची अधिक, पाट आमचा." खारबंदरचे लिंगोजी नाईक म्हणाले, "मेले ते आमचे अधिक. आम्ही खाली बसावे काय?" बाकीचे कधी ह्यांकडे कधी त्यांकडे, तळ्यात मळ्यात. पाटाचा निवाडा होईना म्हणोन पंगत बसेना, आणि पंगत बसेना म्हणोन दोन दिवस कोणाच्या पोटात अन्न नाही. सहा वर्षे पातशहाशी लढताना एकमेकांच्या हातची भाकरी खाल्ली, आणि पाट दिसला तैसे हे जाले. काय म्हणावे.

तिसरे दिवशी सकाळी दोघांनीही आपापली तोफांची गलबते आणविली आणि खाडीच्या दोन काठांस समोरासमोर लाविली. लिंगोजी बोलिले की ओहोटीपर्यंत पाट न मिळे तर तोफा बोलतील, आणि सुभानराव बोलिले की आमच्या काही मुक्या नाहीत. म्हाळसाक्काने चुलीपुढून वाकोन खिडकीतून पाहिले, तो ह्या काठास बहिरू आणि त्या काठास खेमा, दोघेही तोफेशी उभे. गंगोजी तांडेल म्हणोन धाकट्या बंदराचे वृद्ध कारभारी होते, ते चुलीशी निखारा मागू आले, त्यांस ती म्हणाली, "तांडेलबावा, एका पदराखाली निजवले मी दोघांना. आता कोणी कोणावर बत्ती द्यायची, ते तरी सांगा."

गंगोजींनी निखारा परत चुलीत टाकिला. मग म्हणाले, "तू आधी वाढ, अक्का. उपाशी माणसाशी बोलून काय उपयोग. वास गेला म्हणजे येतील झक मारत."

वास गेला आणि आले. परंतु येऊन भिंतीशी उभे राहिले, पाटावर कोणी बसेना. म्हाळसाक्का भाताची परात घेऊन बाहेर आली, डोळे खिडकीकडे, जीव दोन काठांवर टांगलेला, आणि हाताने आपले ऐंशी वर्षांचे वळण केले. अग्रपाटापुढे केळीचे पान मांडिले, भात वाढिला, वरण, फणसाची भाजी, मीठ, लिंबू, यथासांग. मग भानावर आली. तोवर कचेरीत गलका उठला. सुभानराव गरजले, "पातशहाचे पान! बाई, कोणाची चाकरी करतेस तू?"

म्हाळसाक्का घाबरली, परंतु खोटे बोलिली नाही. म्हणाली, "हात चुकला, सरकार. सवयीचा हात आहे. पण वाढलेले पान मला उचलता यायचे नाही. ज्याचा पाट त्याने बसावे आणि जेवावे."

तेव्हा मौज ऐसी जाली की कोणी बसेना. सुभानराव लिंगोजींस म्हणाले, "बसा, नाईक." लिंगोजी म्हणाले, "मी कशाला? पाट तुम्हांस हवा होता." कारण पाटावर आता पातशहाचे पान होते, त्यावर जो बसेल तो नवा पातशहा ठरेल, आणि पातशहांचे बंदरांत काय होते ते दोघांनीही स्वहस्ते करोन पाहिले होते. खिडकीबाहेर ओहोटी लागली आणि वकिलाचे गलबत शीड सोडू लागले.

मग गंगोजींनी धोतर खोचले आणि म्हाळसाक्काच्या हातची परात घेतली आणि बोलिले, "दोन दिवस ज्यासाठी भांडलात त्यावर बसवत नाही ना? मग राहू द्या रिकामा. ज्याचे राज्य आहे तो येऊन बसेल. आमच्या गावी खलाशी जेवल्यावाचून तांडेल जेवत नाही. शेवटी जेवतो त्याच्या हाती सुकाणू. कोण जेवणार शेवटी?"

दोन दिवसांचे उपाशी कारभारी भाताकडे पाहत राहिले. सुभानराव हळूच बोलिले, "ह्या साली तुम्हीच जेवा शेवटी." लिंगोजींनी मान हालविली आणि म्हणाले, "पुढल्या साली दुसऱ्या बंदराने." आणि दोघे शेजारी शेजारी बसले, कारण तेथेच जागा होती. गंगोजींनी सहा जणांस वाढिले आणि तैसेच परात काखेस घेऊन धक्क्यावर धावले आणि भाताच्या हाताने तहनामा घेतला. वकिलांनी नाक मुरडिले, परंतु दिला. कागदावर वरणाचा डाग पडला तो आजही आहे.

मग काठांवर निरोप गेला की बत्त्या विझवा आणि जेवावयास या. बहिरू आणि खेमा भिजत, चिखलाचे पाय घेऊन आले, तोवर दोन्ही काठांची माणसे जेवोन परात खरवडली होती आणि अग्रपाटापुढचे वाढलेले पान तेवढे उरले होते. म्हाळसाक्काने दोघांस दंड धरोन अग्रपाटावर बसविले. खेमा म्हणाला, "आई, हा पाट आपला नव्हे." ती म्हणाली, "बस मुकाट्याने. अन्न निवतंय." दोघे एका पाटावर अर्धे अर्धे बसोन एका पानात जेवू लागले. साती कारभारी पाहत होते. बाईचा जीव भांड्यात पडला आणि ती तेथेच भिंतीशी टेकोन खाली बसली आणि रडली.

एवंच, सात बंदरांचे एक राज्य जाले. जो शेवटी जेवेल तो वर्षाचा धनी, हे पहिले कलम. पहिले पान दर साली दोन बंदरांचे दोघे गडी एकत्र जेवतात, हे दुसरे. बाकी कलमे कारकूनमंडळींनी मागाहून लिहिली, ती लांब आहेत. त्या दिवशी गंगोजींस भात उरला नाही, म्हणोन म्हाळसाक्काने त्यांस आणि स्वतःस दोन भाकऱ्या भाजल्या, आणि राज्याचा पहिला धनी चुलीशी बसोन जेवला.