सोमेया सरांचे इशारे

भाषणाची बारा पानं हातात घेऊन कुरामोची माइकपाशी उभा राहिला, तेव्हाच तो पार थकलेला होता. सत्कारासाठी दोन महिने हॉटेल, जेवण, जुन्या खेळाडूंना फोन, सगळं एकट्यानं निस्तरलेलं. शाळेत बेसबॉल शिकवणारे एक्याऐंशी वर्षांचे सोमेया सर उद्या कायमचे लेकीकडे सापोरोला निघणार होते. अकरा पानं सरांच्या विनोदांची होती. बारावं माफीचं. चाळीस वर्षांपूर्वी, जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात, सरांचा इशारा झाला म्हणून त्यानं बंट केला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरली. चेंडू रेघेबाहेर गेला, हा बाद, संघ घरी. सर त्यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर रात्री झोप तरी लागली असती.

आत येतायेताच सरांनी सगळ्यांच्या टकलांवरून नजर फिरवली होती. "शाळेत डोकी भादरा म्हटलं की रडायचात. आता बघा, न सांगता नियम पाळताय!"

जेवणं निम्म्यावर आली तेव्हा कुरामोचीनं सुरुवात केली. "झेल सुटला की सर विचारायचे, चेंडू गरम होता का रे? उद्यापासून गार करून आणू?"

हशा पिकला. इतक्यात समोर बसलेल्या सरांनी पट्ट्याला हात लावला. पट्टा म्हणजे बंट. स्वतःचा बळी दे, दुसऱ्याला पुढे सरकव. सरांचा इशारा मोडायची छाती अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्याला नव्हती. त्यानं मुकाट्यानं पाच पानं गाळली.

मग सरांनी कान चोळला. कान म्हणजे आहेस तिथेच थांब. तो थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. खेळाडूंच्या बायका डोळे टिपू लागल्या.

मग सरांनी नाक खाजवलं. नाक म्हणजे पळ. माइकवाला पळणार कुठे? पण तिसऱ्या टेबलावरचा निशिने, वजन शंभर किलो, खुर्ची उडवून सुटला, घसरत गेला आणि माशांचं ताट आणणाऱ्या वाढप्यावर आदळला.

"पोचला! पोचला!" मागून कुणीतरी पंचासारखं ओरडलं.

"अरे, काय चाललंय काय?" सर उठून उभे राहिले.

"सर, तुम्हीच इशारा केलात ना!" अंगावरचे मासे झटकत निशिने म्हणाला.

"कसला इशारा? पोट भरलंय, पट्टा काचतोय. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतंय. आणि नाक माझं आहे, खाजवू नको?"

गोंधळात बारावं पान हातातून निसटलं आणि सांडलेल्या सोया सॉसमध्ये भिजून गेलं. भाषण तिथेच संपलं. कुरामोची सरांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या कानाशी लागला.

"सर, तो बंट. माझ्यामुळे हरलो. माफ करा."

सरांना आयुष्यात पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "निशिने ऐकत नाही ना? गावभर करील."

"तो शर्ट धुतोय."

"मी इशारा केलाच नव्हता रे. पट्टा तुटला होता. विजार धरून उभा होतो."

कुरामोचीनं गालिच्यावरच बसकण मारली. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सगळे धाय मोकलून रडत होतात. त्यात विजारीचं कुठे काढू?"

"चाळीस वर्षं, सर!"

"मोजलीत मी," सर म्हणाले. "म्हणून तर गुपचूप सापोरोला निघालो होतो. तर तू हा सत्कार काढलास!"