प्रॉम्प्टरची प्रत

शेजारच्या खोलीत बायको कपड्यांच्या घड्या घालत बोलत होती, आणि नाटककार दार लोटून घेऊन तिचीच वाक्ये खोडरबराने पुसत होता.

प्रयोग चार दिवसांवर आला होता आणि नटांना विसरलेली वाक्ये आतून सांगणारा प्रॉम्प्टर तापाने आडवा झाला होता. दिग्दर्शक म्हणाला होता, "वहिनींना बसवू विंगेत. आवाज खणखणीत आहे." नाटककाराला आयुष्यात कोणाला नाही म्हणता आले नव्हते. तेव्हाही आले नाही.

नाटकात माणसे दोनच. बायको बोलते आणि नवरा "हं" म्हणतो. तिच्या अकरा प्रश्नांवर त्याचा एक "हं" पडला की लोकांनी हसावे, एवढीच लेखकाची माफक अपेक्षा. नवरा त्याने स्वतःवरूनच घेतला होता, त्याला फारसे कष्ट पडले नव्हते. बायको मात्र सव्वीस वर्षे कान देऊन जमवलेली होती. आता तिने ते वाचले तर तिला ओळख पटणार, आणि ओळख पटली की ती बोलायची थांबणार. बायको बोलत नाही असे घर त्याला डोळ्यांपुढे आणता येईना.

म्हणून तिच्या हातात पडणारी प्रत त्याने सौम्य केली. "दार लावलंत का? कडी बसली का? ओढून बघितलंत? परत बघा, तुमच्या ओढण्यात जीव नसतो," हे सगळे पुसून त्याने पेन्सिलीने लिहिले, "दार बंद आहे ना?" अशी चाळीस पाने झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात, बाके भिंतीशी सारून, तालीम सुरू झाली. "दार लावलंत का?" म्हणून नटी अडली. तिने विंगेकडे, म्हणजे कपाटाच्या आडोशाकडे पाहिले.

"दार बंद आहे ना," बायकोने आतून सांगितले.

"ते झालं हो. पुढचं द्या."

"पुढे तुमचं काही नाही. पुढे हे 'हं' म्हणतात."

नट आज्ञाधारक होता. तो म्हणाला, "हं."

"हं काय? मी अजून कुठे काय विचारलंय?" नटी म्हणाली.

"इथे तर हं लिहिलंय," बायको म्हणाली.

नटाला एकंदर त्रेचाळीस हं होते आणि कुठला कशानंतर, हे त्याने मोठ्या कष्टाने पाठ केले होते. ते गणित एकदा चुकले तसा तो घाबरून प्रत्येक वाक्यावर हं म्हणू लागला. कोणाला पाणी हवे का, या दिग्दर्शकाच्या प्रश्नालासुद्धा त्याने हं म्हटले, आणि पाणी आल्यावर नको म्हणाला.

"नाटककार," दिग्दर्शकाने विचारले, "यात हसायचं कुठे?"

शेवटच्या बाकावरून उत्तर आले, "प्रत... जुनी असेल बहुतेक."

"जुनी कसली? पेन्सिल अजून बोटाला लागतेय," बायकोने काळे बोट बाहेर काढून दाखवले.

दिग्दर्शकाने आपली प्रत तिच्या हाती दिली. "वहिनी, तुम्हीच जरा मोठ्यानं वाचा. यांना चाल कळू दे."

ती वाचू लागली. दुसऱ्या वाक्यापासून ते वाचन राहिले नाही. मापे घ्यायला आलेला शिंपी हसता हसता खाली बसला. नटाचा हं आपोआप नेमक्या जागी पडला. मग ती मध्येच थांबली. पान उलटले, आणखी एक उलटले, आणि मनातल्या मनात वाचत राहिली. त्यानंतर तिने उरलेली तालीम एकही चूक न करता सांगितली. आपले असे काही बोलली नाही.

घरी जातानाही ती गप्पच होती. न्हाव्याचे दुकान मागे पडले, बँक मागे पडली. नाटककाराला ते सहन होईना.

"हे बघ, ती तू नाहीस," तो म्हणाला. "म्हणजे आहेस. पण गप्प माणसाशेजारी बोलकं माणूस ठेवावं लागतं, त्याशिवाय गप्प माणूस दिसतच नाही. लोक हसतात ते तिला नाही, त्याला. मला तर वाटतं ती आहे म्हणून त्याचं बरं चाललंय. मी खोडलं ते तुला वाईट वाटेल म्हणून. मला नीट सांगता येत नाहीये. लिहून दिलं तर चालेल?"

एवढे तो लग्नानंतर प्रथमच एका दमात बोलला होता.

"ताईकडून निघताना मी छत्रीवरून बोलले होते," बायको म्हणाली, "तेही आहे त्यात. ते कधीचं?"

"बारा वर्षं झाली."

"मी पार विसरले होते." थोडे चालून ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही पेपर वाचताय."

"पेपर मी ऑफिसातच वाचून येतो."

ती पुन्हा गप्प झाली, पण या गप्प बसण्याची त्याला भीती वाटली नाही. मग ती म्हणाली, "नवव्या पानावर ती बाई आपल्या भावाबद्दल बोलताना फार लवकर थांबते. तसं नसतं. का ते सांगते."

आणि ती सांगू लागली. घराचे फाटक केव्हाच मागे राहिले होते, पण वळायचे दोघांनाही सुचले नाही.