चाळीतला कांडेचोर

जो प्राणी माणसाच्या नजरेला पडत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याचा फोटो त्याच पुस्तकात येतो कसा?

हा प्रश्न चंदरनं पहिल्यांदा सहावीच्या वर्गात विचारला. गुरुजींनी त्याला बाहेर उभं केलं. (बाहेरून ओढ्यातली पाणकोंबडी दिसायची, त्यामुळे शिक्षा म्हणून त्यात फारसा दम नव्हता.) वडिलांना, म्हणजे धोंडीरामअण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझ्या आज्यानं काढला." मग त्यानं थोरल्या बहिणीला विचारलं. हर्षाली पोट धरून हसली आणि म्हणाली, "तूच शोधून काढ आणि मला सांग." यंदा श्रावणात तिला कावीळ झाली, आणि ती गेली. आता उत्तर सापडलंच तर ते सांगायचं कुणाला, हा नवाच प्रश्न चंदरपुढं उभा राहिला.

विंचूरच्या शिवारात त्यांचं घर आणि घराला लागून कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची पत्र्याची लांबट शेड. चंदर आठवीत शाळेतून बाहेर पडला. त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला सोडलं, याबद्दल घरात दोन मतं होती. ट्रॅक्टर तो उलटासुद्धा सुताच्या रेषेत चालवायचा, पण ओळीत जोडाक्षर दिसलं की पुढं खड्डा असल्यासारखा त्याला ब्रेक लागायचा.

हर्षालीचं उलटं. ती नाशिकरोडला यज्ञेश्वरकाकांच्या वाचनालयात कामाला होती. शनिवारी घरी यायची तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. पुस्तकंही सगळी एकाच जातीची. खवल्या मांजर, साळिंदर, शेकरू, उडती खार, लाजवंती. वाघ-सिंह तिला नको असायचे. "त्यांना काय, सगळेच ओळखतात," म्हणायची. जेवणं झाली की ओट्यावर बसून ती मोठ्यानं वाचायची आणि चंदरनं मोबाईलचा टॉर्च धरायचा. वाचनातला त्याचा वाटा एवढाच, पण तो त्याला फार मोठा वाटायचा.

आता ती पुस्तकं घरात ठेवणं अवघड झालं होतं. लंकाबाई, म्हणजे त्यांची आई, फळीवरची धूळ पुसायला जायची आणि फडकं हातात घेऊन तिथंच बसायची. दूध उतू जाऊन करपलं तरी तिला वास यायचा नाही. शेवटी अण्णांनी काकांना फोन केला. पोरीनंच काकांना कधीतरी सांगून ठेवलं होतं की ही पुस्तकं एक दिवस तुमच्या वाचनालयातल्या पोरांच्या कपाटात येतील. रविवारी दुपारी काका गाडी घेऊन आले. पुस्तकं दोन कांद्याच्या गोण्यांत भरली गेली. (त्या घरात लग्नाचा बस्तासुद्धा गोणीत घालूनच आणतात.)

चंदर दारात आडवा उभा राहिला. "पुस्तकं जाणार नाय."

"तू काय करशील त्यांचं?" अण्णा म्हणाले. "चहाचा कप ठेवशील वर."

"वाचीन."

गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ थांबलं म्हणतात. अण्णा म्हणाले, "दिवेलागणीला एक पान घडाघडा वाचून दाखव. एकच पान. पुस्तकं इथंच राहतील. नाय जमलं, तर काका घेऊन जातील आन् तू तोंड उघडायचं नाय."

"एक पान? दोन वाचतो," चंदर म्हणाला. (असं बोलून झाल्यावर विचार करायची त्याची जुनी रीत होती.)

गोणीतलं सगळ्यात जाड पुस्तक ओढून तो चाळीत जाऊन बसला. कुठलं पान वाचायचं ते ठरलेलंच होतं. कांडेचोराचं. लोक ज्याला उदमांजर म्हणतात तो हा. अंग मांजराचं, तोंड मुंगसाचं, डोळ्यांवर काळी पट्टी. हर्षालीला हा प्राणी फार बघायचा होता. चाळीच्या पत्र्यावर पेरूच्या बियांची लेंडी सापडली होती तेव्हा ती आनंदानं दोन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती दाखवत होती.

चंदरनं चित्रावर बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीला हात घातला. "मांज-रा-च्या..." इथं पहिला खड्डा आला. दुसरी ओळ सुरू होईपर्यंत दिवस कलला, लाइट गेली आणि कपाळावरचा घाम पानावर पडला. तो पुसायला त्यानं मान वर केली, तर वरच्या वाशावर तो बसला होता. पुस्तकातला तो. पुढच्या दोन पायांत पिकलेला पेरू धरून चंदरकडं असा बघत होता, जणू त्यालाही पुढची ओळ ऐकायची होती.

चंदरनं हळूच मोबाईल काढला. आयुष्यात काही वेगळं दिसलं की तो एकच गोष्ट करायचा. टाइप करणं जमायचं नाही, म्हणून व्हॉट्सॲप उघडून सगळ्यात वरच्या नावावर आवाज भरून पाठवायचा. सगळ्यात वर नेहमी ताई असायची. नाव वाचायची कधी वेळच आली नव्हती, जागा पाठ होती. आताही त्यानं सगळ्यात वर बोट दाबलं आणि कुजबुजत सांगितलं:

"ऐक. आपल्या चाळीत कांडेचोर शिरलाय. लय मोठा हाय. तोंडाला काळी पट्टी. लवकर ये, पण आवाज नको करू, पळून जाईल. लय दिवसांनी सापडलाय."

बोट उचललं आणि मग त्याला आठवलं.

आठवलं की ऐकायला कुणी नाही. दोन महिन्यांत ताईचं नाव एकेक घर खाली सरकत पार तळाला गेलं होतं, हे मात्र त्याला आठवलं नाही, कारण ते त्याला ठाऊकच नव्हतं. तो मोबाईल छातीशी धरून वाशाकडं बघत राहिला.

वरच्या जागेवर आता 'कांदा मित्र मंडळ' नावाचा ग्रुप होता.

कांद्याला तेव्हा असा भाव होता की लोक सोनं उघड्यावर ठेवून कांदा कपाटात ठेवतील. मागच्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवर दोन चाळी फोडल्या होत्या. अशा दिवसांत विंचूरच्या माणसाच्या कानात 'कांडे' शिरूच शकत नाही, तिथं 'कांदे'च शिरतात. हां हां म्हणता अर्धी वस्ती काठ्या घेऊन निघाली. एरवी चार माणसं जमली की तमाशाचा फड वाटावा अशी ही वस्ती, पण आवाज करू नका अशी सूचना होती ना. सगळे मांजरपावलांनी चाळीला वेढा घालून उभे राहिले.

नेमके त्याच वेळी यज्ञेश्वरकाका घराच्या मागच्या दारानं बाहेर आले. पुढच्या अंगणात ट्रॅक्टर आडवा होता, म्हणून त्यांनी गाडी चाळीमागं लावली होती. पाठीवर दुसरी गोणी. (पैजेचा निकाल अण्णांनी मनात आधीच लावून टाकला होता, म्हणून गोण्या गाडीत चढवायला सुरुवात झाली होती.) सडक्या कांद्याचा वास सोसवेना, म्हणून करोनापासून खिशात पडलेला काळा मास्क त्यांनी तोंडाला लावला होता.

"गोणी खाली ठेव," अंधारातून शेजारचा राजू म्हणाला.

"ठेवतोच आहे. फार जड आहे हो," काका म्हणाले. त्यांना वाटलं, मदतीला आलाय.

"किती झाल्या आतापर्यंत?"

"ही दुसरी. एक गाडीत ठेवून आलो."

गर्दीत कुजबुज झाली. एवढा सरळ चोर कुणी पाहिला नव्हता.

"गाडी पण आणलीय," राजू म्हणाला.

"मग काय नाशिकरोडपर्यंत पाठीवर नेऊ? धोंडीरामरावांनीच सांगितलं, मागच्या वाटेनं न्या म्हणून."

"अण्णांनी? सोताच्याच चाळीतून?"

"चोरीचा इमा काढला असंल," भिमाबाई शांतपणे म्हणाली. ही समोरच्या घरातली म्हातारी. हातात पाटा-वरवंट्यातला वरवंटा घेऊन आली होती.

"गोणीत काय हाय ते बोला."

"प्राणी आहेत."

वेढा एक पाऊल मागं सरकला.

"जित्ते?"

"तसे आहेत, पण फार थोडे उरलेत," काका म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

एवढ्यात मागून धोंडीरामअण्णा पळत आले आणि त्यांनी काकांची कॉलर धरली. "सापडला. माझ्या चाळीत शिरतो का?"

काकांनी मास्क खाली ओढला. "धोंडीरामराव, मघाशी तुम्हीच मला पोहे खायला घातलेत. ते आवडले नाहीत असं मी कुठं म्हटलं?"

अण्णांचा हात कॉलरवरच राहिला, नुसता सैल झाला. कॉलरला पडलेली सुरकुती ते उगाच नीट करत बसले. तोवर चाळीचं फाटक किलकिलं झालं आणि ओठावर बोट ठेवून चंदर बाहेर आला.

"आवाज नका करू म्हटलं होतं ना."

"कांदेचोर कुठंय?" राजूनं विचारलं.

"कांदेचोर नाय. कांडेचोर."

"त्येच विचारतोय."

"अरे, डे. डब्यातला ड."

"तुझं डोकं डब्यात," अण्णा म्हणाले. "हाय कुठं पण?"

चंदरनं वर बोट दाखवलं. एकदम सगळ्यांचे टॉर्च वर गेले. वाशावर पेरू संपत आला होता. दोन डोळे चमकले. विंचूरच्या लोकांनी कांडेचोराकडं पाहिलं, कांडेचोरानं विंचूरच्या लोकांकडं पाहिलं. मग त्यानं उरलेला पेरू टाकला आणि पत्र्याच्या फटीतून लांब शेपूट ओढत निघून गेला.

"काय देखणं हाय गं बाई," भिमाबाई म्हणाली आणि वरवंटा पदराखाली घेतला.

"ह्यो खातो काय?" राजूनं विचारलं. "कांदे?"

अण्णा चंदरकडं वळले. त्याच्या काखेत अजून ते पुस्तक होतं. "दिवेलागण झाली. वाच. सगळ्यांनाच कळू दे."

चंदरनं पुस्तक उघडलं. या वेळी टॉर्च दुसऱ्यांनी धरले. त्यानं एकदा घसा साफ केला आणि वाचायला लागला. कुठं अडला नाही, की जोडाक्षराला ठेचाळला नाही.

"मांजराच्या आकाराचा हा निशाचर प्राणी आहे. निशाचर म्हणजे आपल्या राजूसारखा, रात्री गावभर हिंडणारा. फळं, किडे आणि उंदीर हे त्याचं खाद्य. चंदऱ्या, टॉर्च नीट धर. फळांबरोबर गिळलेल्या बिया तो दूरवर टाकतो. त्यातून नवी झाडं उगवतात. हसू नकोस, लेंडी आहे म्हणून काय झालं, त्यातच झाड असतं. त्याची दृष्टी... झोपला का? झोपलाच बघ. असू दे. उद्या वाचू."

आणि तो थांबला.

राजूसुद्धा आपलं नाव पुस्तकात कसं आलं, हे विचारायचं विसरला. चंदरचा आवाज घोगरा, पण शब्दांचा हेल त्याचा नव्हता. 'चंदऱ्या' म्हणून हाक मारणारं त्या घरात एकच माणूस होतं. लंकाबाई पिठाच्या हातानं मागच्या दारात येऊन उभी होती. तिनं चौकट धरली.

"पुढं?" अण्णांनी विचारलं.

"पुढचं नाय येत," चंदर म्हणाला. "हितं मला झोप लागायची."

पान अर्धंच झालं होतं. पैज हरली होती, आणि ते सांगायची हिंमत कुणाला होत नव्हती. लंकाबाई पुढं आली. पीठ लागू नये म्हणून हात मागं धरून तिनं पुस्तकात डोकावून पाहिलं. "एवढं एक राहू द्या घरात," ती म्हणाली. "त्याला झोप तरी लागंल."

काकांनी चष्मा लावून पान उजेडात धरलं. कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांनी दोनचार पानं उलटली. "साळिंदर, पाहिलं, चांदवडच्या घाटात. शेकरू, पाहिलं, भीमाशंकर," ते वाचत गेले. "प्रत्येकापुढं लिहिलंय पोरीनं. मुलांना हे फार आवडेल. छापलेल्या पुस्तकात असं कुठं मिळतं?"

"आन् ह्याच्यापुढं काय लिहिलंय?" चंदरनं विचारलं. पान कांडेचोराच्याच चित्राचं होतं, पण पेन्सिलीच्या त्या बारीक अक्षरांकडं त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं. त्याचं काम टॉर्च धरायचं होतं.

काकांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "'अजून नाही' असं लिहिलंय."

चंदरनं त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "काका, पेन्सिल हाय?"

तो जमिनीवर मांडी घालून बसला. 'अजून नाही'वर त्यानं आडवी रेघ मारली. जीभ बाहेर काढून, उसाला खत घालावं तसं मन लावून, त्यानं खाली एक शब्द लिहिला. शेवटच्या अक्षराला एवढा जोर दिला की पेन्सिलीचं टोक मोडलं. मग त्यानं पुस्तक काकांपुढं धरलं.

काकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "पहिला," ते म्हणाले. "कशात पहिला?"

"पहिला नाय. पाहिला. ताईनं कांडेचोर पाहिला."

"'प'चा काना राहिला रे भो," राजू म्हणाला.

"द्या, काढतो काना." पण पेन्सिलीला टोक नव्हतं आणि वस्तीत कुणाकडं दुसरी पेन्सिल नव्हती. काठ्या मात्र भरपूर होत्या.

अण्णांनी पुस्तक हातात घेऊन त्या शब्दावर टॉर्च मारला. "राहू दे तसंच," ते म्हणाले. "नाशिकरोडची पोरं डोकं खाजवतील, पण आपल्या घराण्यात तुझ्या हातनं कुणीतरी पहिला आला."

लोक हसले. लंकाबाईसुद्धा हसली, श्रावणानंतर पहिल्यांदा, आणि पिठाच्याच हातानं तिनं डोळे पुसले.

चंदरनं मात्र पुस्तक आईकडं दिलं नाही; ताईनं ते पोरांच्या कपाटासाठी कबूल केलं होतं. पानाचा कोपरा दुमडला होता, तो त्यानं अंगठ्यानं सपाट केला. गोणीचं तोंड उघडून पुस्तक सगळ्यांच्या वर, चित्र वर येईल असं ठेवलं. मग दाभण आणि सुतळी आणून त्यानं गोणी नेहमीपेक्षा बारीक टाक्यांनी शिवली, आणि कुणाला हात लावू न देता स्वतः उचलून काकांच्या गाडीत ठेवून आला.