अल्फियाचा बबल टी

कुरकुंभच्या एमआयडीसीसमोर लालमहंमदभाईंची चहाची टपरी आहे. उकळी फुटली नाही तो चहाच नव्हे, हे त्यांचं ठाम मत. आणि त्यांच्याच लेकीला, अल्फियाला, टपरीच्या अर्ध्या फळीवर बर्फ घातलेला गार चहा विकायचा होता. त्यात तळाला साबुदाण्याच्या पिठाच्या, गुळाच्या पाकातल्या चिवट गोळ्या. बबल टी म्हणे.

"शिफ्ट सुटल्यावर मानूस चघळत बसंल व्हय?" लालमहंमदभाई म्हणाले. "सोमवारपासनं औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लाग. सायबाचा उद्या दुपारी फोन येनार हाय, त्याला हो सांगतो."

"आधी चव तर बघा, अब्बा!"

"बरं. फोन यायच्या आत करून दाव. पन मी न्हाई म्हनलो की न्हाई."

खरं तर साबुदाणा नुसता दळून आणायचा होता. पण अम्मीला, म्हणजे बानूला, कोण सांगणार? तिने शेजारच्या भागुबाईंना विचारून एकादशीच्या खिचडीसारखा तो दुसऱ्या दिवशी पहाटेच भिजत घातला. अल्फिया उठेपर्यंत किलोभर साबुदाणा टम्म फुगला होता.

"अम्मी, पीठ पाहिजे होतं गं!"

"न भिजवता शिजतो व्हय साबुदाना?"

दुसरा किलो घेऊन अल्फिया गिरणीत गेली. तिथे बाळासो गिरणीवाले अडून बसले. "आत्ता गहू चाललाय. गव्हावर उपासाचं दळन टाकत न्हाई मी."

"आमचा उपास न्हाई, काका!"

"तुमचा नसंल. साबुदान्याचा हाय."

जातं झाडून, पुसून, दळण मिळेपर्यंत तास गेला. घरी येऊन अल्फियाने गरम पाकात पीठ मळलं आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायला घेतल्या. बानूने मदतीला हात लावला तो सुपारीएवढ्या गोळ्यांना.

"एवढुशी गोळी दिली तर गिऱ्हाईक चिंगूस म्हनंल," ती म्हणाली.

त्यात गुरुवार, लाईटच्या दुरुस्तीचा वार. लाईट सकाळपासून गेलेली, फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालेलं. शेवटी मासेवाल्याकडून बर्फ आणला आणि वास जाईपर्यंत धुतला. धुता धुता निम्मा मोरीत गेला. उरलेल्या बर्फात पडताच उकळून काढलेल्या सुपारीएवढ्या गोळ्या अशा आखडल्या की चमच्यालाही दाद देईनात. अल्फियाला रडू यायचंच बाकी होतं, पण लालमहंमदभाई ग्लास हातात घेऊन बसलेच होते.

त्यांनी नेमकी सगळ्यात मोठी गोळी तोंडात टाकली. एकदा चावले आणि थांबले. मागच्याच महिन्यात दौंडहून बसवून आणलेली कवळी, खालची वरचीला चिकटली ती सुटेचना. ते 'न्हाई' म्हणायला गेले, बाहेर आलं नुसतं "ऊं".

तेवढ्यात फोन वाजला. बानूने पदराला हात पुसले आणि फोन उचलला.

"बोला साहेब. न्हाई, पोरगी न्हाई येत. तिचे अब्बा टपरीवर तिला जागा देत्यात. व्हय, हितंच बसल्यात."

लालमहंमदभाई दोन्ही हात नाचवत उठले. "ऊं! ऊंऊं!"

"ऐकलं का साहेब? लई खूश हायेत," बानू म्हणाली आणि फोन ठेवला.

गरम पाण्याच्या गुळण्या करून करून कवळी सुटायला अर्धा तास लागला. सुटल्याबरोबर ते कडाडले, "मी कवा हो म्हनलो?"

"निकाहाच्या टायमाला मी तरी कुठं म्हनले हुते?" ग्लास विसळता विसळता बानू म्हणाली. "नुसती गप बसले, तर काजीसाहेबांनी होकार धरला. तुमी तर ऊं पन केलं."