सर्वानुमते काळा

यंत्राला पक्ष नसतो, भावकी नसते आणि अडल्यावेळी फोन करणारा पाहुणाही नसतो. म्हणूनच कुठलाही कारभार यंत्राच्या हाती देताना जबाबदार माणसांना फार सावध राहावे लागते. शेवगावकडच्या एका शुगर फॅक्टरीचे संचालक मंडळ असेच सावध होते (फॅक्टरी ओळखीची वाटली तर योगायोग समजावा).

तिथे कॉम्प्युटर विभागात सुमैरा कामाला होती. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, असा सरळ हिशेब करणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. तिला घाईही होती. शेजारच्या वस्तीवरच्या भागूबाईंचा ऊस सोळा महिने उभा होता, त्याला तुरे येऊन वजन घटत चालले होते, आणि तोडीची पाळी दरवेळी कोणाच्या तरी फोनामागे निघून जायची.

"पोरी, तुजं मशीन तरी माजं नाव घेतंय का?" म्हातारी विचारायची.

"पहिलंच नाव तुमचं आहे, आजी."

कारकुनांनाही प्रोग्राम कळावा म्हणून तिने चिन्हांऐवजी रंग वापरले. शब्द तोच, रंग बदलला की अर्थ बदलला. हिरव्यातला शब्द म्हणजे हुकूम. केशरी म्हणजे थांब, आधी तपास. निळा म्हणजे आकडा. काळा म्हणजे माणसांसाठीची टीप. ती मशीन वाचतच नाही.

मंडळाने प्रोग्राम अत्यंत बारकाईने पाहिला (वाचला नाही, पाहिला).

"हिरव्यानं हुकूम सोडायचे अन् केशरीनं थांबायचं? कुनाच्या डोक्यातून निघालं हे?" एका संचालकांनी विचारले. सगळ्यांच्या नजरा सुमैराकडे वळल्या.

"सिग्नलवरून घेतलंय, साहेब."

"आपल्या गावात सिग्नल हाय का?"

नव्हता. मुद्दा नोंदवून घेण्यात आला.

"निळा नुसता आकडा? म्हंजी आमी मोजन्यापुरतेच व्हय?" दुसरे म्हणाले. तिसऱ्यांनी, पिवळ्याला यादीतच घेतले नाही म्हणून निषेध नोंदवला.

चेअरमन भिमाजीअण्णा समतोल माणूस. त्यांनी सर्व रंगांना समान हक्क दिले: हुकूम सोडण्याचा मान रोज एकेका रंगाला. (उसाला नाही, तरी रंगांना पाळी मिळाली.)

मंगळवारी चाचणी झाली. मान निळ्याचा, म्हणजे आकड्याचा होता, त्यामुळे मशीनने भागूबाईंचे नाव बाजूला सारून त्यांच्या उसाचे वय पुढे केले. 'श्री. सोळा महिने यांच्या उसास तोड मंजूर' अशी चिठ्ठी निघाली. ऊसतोडीची टोळी दुपारपर्यंत वस्त्यावस्त्यांवर श्री. सोळा महिने यांची चौकशी करत फिरली. शेवटी संचालक छगनरावांनी ते आपलेच पाहुणे असल्याचे सांगून टोळी स्वतःच्या फडात नेली.

यावर अण्णांनी कायमचा तोडगा काढला. सगळा प्रोग्राम काळ्यात लिहायचा.

"पण अण्णा, काळं मशीन वाचत नाही!" सुमैरा कळवळून म्हणाली.

"न्हाई वाचत तर न्हाई. भांडन तर व्हत न्हाई?"

ठराव सर्वानुमते मंजूर झाला (मंडळाच्या इतिहासात असे यापूर्वी फक्त चहाच्या बाबतीत घडले होते). मशीन सुरू केले. पडदा शांत.

"काही चूक दाखवतंय का?" अण्णांनी सुमैराला विचारले.

"नाही."

टाळ्या पडल्या. तेव्हापासून प्रोग्राम एकही चूक न करता चालू आहे, आणि तोड पूर्वीप्रमाणे फोनवर मिळते.

सुमैराला त्या संध्याकाळी भागूबाईंच्या वस्तीवरून जाववेना. म्हातारीनेच हाक मारली.

"घेतलं का गं नाव?"

"लिहिलंय, आजी. पहिलंच," ती म्हणाली आणि तिला रडू फुटले. भागूबाईंनी तिला पाणी दिले.

आता कोणत्या संचालकांचा रंग कोणता, हे इथे कुठेही सांगितलेले नाही. तरी वाचकांनी वाचता वाचता अण्णांना एक देऊन टाकला, छगनरावांना दुसरा, आणि सुमैराला तर नाव वाचल्याबरोबरच. भागूबाईंना कोणता द्यावा हे ठरत नसेल तर सावकाश ठरवावे. ऊस तोवर उभाच आहे.