तलाव आहे, सबब विहीर नको

विहिरीचा अर्ज फेटाळणाऱ्या खात्यावर माझा उघड आरोप आहे की, या प्रकरणात त्याने एकही खोटा शब्द लिहिलेला नाही. खोटं लिहिणारा कारकून आज ना उद्या सापडतो. खरं लिहिणाऱ्याला कुठून धरणार? म्हणून क्रमाने सांगतो.

पुसदच्या वाटेवर देवसिंग नाइकाचा तांडा आहे. घरं एकेचाळीस. पाणी दोन मैलांवरच्या नाल्यात, तेही वाळू उकरून, वाटीवाटीने. १९५९ साली देवसिंगने विहिरीसाठी अर्ज केला. खात्याने तो तातडीने, म्हणजे १९६१ साली, वाचला. (मध्ये राज्य बदललं. अर्ज बदलला नाही.)

वाचणाऱ्या साहेबांना कलेची आवड होती. जिल्ह्याच्या संग्रहालयात वाघाचं कातडं आणि गंजक्या तलवारी यांच्या मधोमध एक चित्र टांगलेलं आहे. १८२४ साली एका गोऱ्या कप्तानाने जलरंगात काढलेलं. खालच्या पाटीवर याच जागेचं नाव. चित्रात ढगात घुसलेला डोंगर आहे, पडका किल्ला आहे, वाऱ्याने वाकलेलं झाड आहे आणि समोर तलाव. तलाव असा की त्यात सगळा डोंगर उलटा मावतो. त्या काळी विलायतेत अशाच देखाव्यांची फॅशन होती. किल्ला धडका चालत नसे, झाड सरळ चालत नसे, आणि माणूस शक्यतो नकोच. लागलाच तर पाठमोरा. जागा तशी नसली की चित्रकार बिचारा पदरचं घालायचा. आमच्या टेकडीला या कप्तानाने पदरचा सहाशे फूट डोंगर दिला, किल्ला दिला, वर तलाव दिला. एवढा उदार इंग्रज जिल्ह्यात पुन्हा आला नाही.

खात्याचा शेरा आला: "स्थळी तलाव असल्याचे शासकीय संग्रहातील चित्रावरून दिसून येते. सबब विहिरीची गरज नाही." खरंच आहे. चित्रावरून दिसतोच.

देवसिंग कचेरीत जाऊन तलाव नाही म्हणून सांगून आला. त्यावर त्यालाच विचारणा झाली की, मग गेला कुठे, आणि शेवटी कोणाच्या ताब्यात होता. पाठोपाठ तीन साहेबांची पाहणी समिती नेमली गेली.

समिती येणार हे कळलं आणि तांड्याने एक चूक केली. यांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. रानात भेटलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, नाव मागाहून विचारायचं, ही त्यांची रीत. देवसिंगची आई लालीबाई हिने फर्मान काढलं की, साहेबलोकांना पाणी कमी पडता कामा नये.

देवसिंग म्हणाला, "याडी, आपन पानी नाही म्हनून अर्ज केला ना?"

"मंग? अर्ज केला म्हनून पाहुन्याले कोरडं धाडू?"

बायांनी दोन दिवस खेपा घातल्या. वीस घागरी, दोन रांजण आणि पाय धुवायला एक घंगाळ भरलं. तेवढे दोन दिवस तांड्यात कोणी आंघोळ केली नाही.

समिती आली, प्यायली, पाय धुतले. ड्रायव्हरने जीपही धुतली. मग चित्राची नक्कल समोर धरून स्थळ तपासलं आणि पुढील दोष काढले. डोंगर सहाशे फूट कमी भरला. (वरचा भाग कोणी नेला याचा खुलासा नाइकाकडून मागवला. घरांच्या जोत्यांना दगड लागलेले असल्याने संशय बळावला.) किल्ला आढळला नाही; मूळचाच पडका असल्याने पडणं पूर्ण झालं असावं. झाड सरळ उभं आढळलं. एकेचाळीस घरं चित्रात नाहीत, सबब ती संशयास्पद. तलाव आढळला नाही. मात्र पाणी मुबलक व गोड.

यावर समितीतल्या जाणकार साहेबांनी भर घातली की, जलरंग पाण्यावाचून कालवता येत नाहीत. कप्तानाने इथेच बसून चित्र काढलं. अर्थात पाणी होतं.

लालीबाई पुढे झाली. "होतं ना साहेब. त्याले आमच्याच तांड्यानं देलं असन, जसं आज तुमाले देलं. तुमी घंगाळात पाय बुडवून म्हनता पानी हाय. हाय. सकाळी माह्या सुनेच्या डोक्यावर होतं."

समितीने नोंद केली: "स्थानिक वृद्ध महिलेने पाणी असल्याचे मान्य केले." यातही खोटं काही नाही.

तरी एका साहेबांना पाझर फुटला. विहीर मंजूर होण्याच्या बेतात आली. तेवढ्यात हरकत निघाली की, खणलं तर ऐतिहासिक देखावा बिघडेल. लोकशाही असल्यामुळे जनतेचं मत मागवलं. नोटीस संग्रहालयाच्या दारावर तीस दिवस लावली. यवतमाळ, वणी, पुसद इथल्या सुशिक्षित नागरिकांची चारशे बारा पोस्टकार्डं आली. दोघांना चित्राचं कॅलेंडर हवं होतं. एकाने मजकूर लिहायचाच विसरून नुसता पत्ता टाकला. उरलेल्या चारशे नऊ जणांनी कळकळीने लिहिलं की, काय वाटेल ते करा, पण तो देखावा राखा. तांड्याचं कार्ड एकही नव्हतं. तांडा नाल्यावर होता.

विहीर कायमची नामंजूर झाली.

हे लालीबाईला सांगायला मी गेलो. तिने ना खात्याला शिव्या दिल्या, ना कप्तानाला. एवढंच विचारलं, "हे चारशे नऊ लोक कोन व्हय, भाऊ? आपल्या इकडं आलते काय कधी?"

ती कार्डं मी कचेरीत पाहिली आहेत. अक्षरं वळणदार, भाषा शुद्ध, वाचन दांडगं दिसतं. म्हणजे जी माणसं असलं छापलेलं वाचतात, त्यांच्यापैकीच. तेव्हा खात्याला मी काही विचारत नाही. तुम्हाला विचारतो. त्या चारशे नऊमध्ये तुमचं कार्ड होतं की नाही? हो किंवा नाही, खाली नाव घालून लिहा. लालीबाईला सांगायचं आहे.